जर्नलच्या मागच्या पानावर

शिक्षक मी नव्हे.
चावी माझ्याकडे असते, एवढंच.
केप्याच्या कॉलेजात तळमजल्याला, चिऱ्याच्या भिंतींची
अंधारखोली आमची. दाराला जाड काळा पडदा,
पावसाळाभर त्याला बुरशीचा वास.
सर सही करून जातात, जर्नलांचा गठ्ठा माझ्या टेबलावर राहतो.
वर्गात विचारायचं राहून गेलेलं
मुलं मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतात.

मुक्ता वेळीप:
लेझर भिंतीवर ठिपका देतो,
मधली हवा तर रिकामी.
किरण मधूनच गेला कशावरून?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या टेबलावर डस्टर झटकला.
भुकटी उडाली, आणि भिंगापासून भिंतीपर्यंत
लाल दोरी ताणलेली दिसली.
ती म्हणाली, म्हणजे दिसते ती धूळच ना?
हो, म्हटलं.
तिने लिहून घेतलं नाही. हात आडवा धरून उभी राहिली,
तळव्यावर कुंकवाएवढा ठिपका,
खडू खाली बसेपर्यंत.

एल्विटो बेतूलचा. पहाटे बापाची होडी परतते तेव्हा
नदीच्या तोंडाशी वाळू चढलेली असते,
म्हणून हा जेटीवर विजेरी धरून उभा.
त्याने कोंकणीतच लिहिलंय: उजवाड खंय सोंपता?
आणि खाली, बारीक अक्षरात:
माझ्या विजेरीतला पायपर्यंत किती पोचतो?
मी उत्तर लिहिलं: पुरता समांतर झोत कुठलाच नसतो,
अंतर दुप्पट, तर उजेड पाव.
खोडलं.
मग लिहिलं, होडी रोज आत येते ना?
तेही खोडलं. पहिलंच पुन्हा लिहिलं, आकृतीसकट.

शिशाच्या विटांआड कोबाल्टची चकती आहे.
मी नोकरीला लागलो त्या वर्षी आली, खोक्यातून मीच काढली.
तेव्हा मिनिटाला अठ्ठेचाळीसशे. वहीत माझंच अक्षर, ताठ, निळ्या शाईतलं.
आता तीनशेच्या आसपास.
सव्वापाच वर्षांत निम्मं, त्याचं निम्मं,
त्याचं निम्मं, आणि त्याचंही.
एवढ्यात माझी मुलगी लग्न होऊन वास्कोला गेली.

दत्तराज फळदेसाई विचारतो,
तीनदा मोजलं: दोनशे एक्क्याण्णव, तीनशे अठरा, तीनशे तीन.
खरा कुठला?
शेजारच्या टेबलाने तीनशे, तीनशे, तीनशे लिहून
पैकीच्या पैकी घेतले होते.
त्यांनी मोजलंच नाही हे मला तिथेच कळलं.
खरं मोजलेलं हलतं रे, सतराएक मागेपुढे.
तिन्ही लिही.

डबी कुलपात ठेवली तरी यंत्र टिकटिकतं, मिनिटाला चोवीस.
कोण आहे, असं कुणी तरी लिहिलंय, पुढे तीन प्रश्नचिन्हं.
चिरा आहे भिंतीतला. आभाळ आहे.
तुझ्या डब्यातलं मोयरेचं केळं आहे, आणि तूही आहेस.
आधी हे चोवीस वजा करायचे, मग चकतीचं बोलायचं.

एका पानाला नाव नाही, पण अक्षर मुक्ताचं.
दोन आठवडे ती आली नव्हती, का ते कुणी सांगितलं नाही.
जुना अणू आधी जातो का?
आपली पाळी कधी, हे त्याला ठाऊक असतं?

अणू जुना होत नाही, मुक्ता.
एकवीस वर्षं बसून राहिलेल्यालाही पुढच्या मिनिटाला
पहिल्या दिवशीइतकाच धोका, तितकाच. कुठला जाईल ते कुणी सांगू शकत नाही,
किती जातील ते सांगता येतं, तेही साधारण.
हे लिहिलं आणि वाचून बघितलं.
कोरडं वाटलं. तसंच ठेवलं.

मार्चअखेर मी निवृत्त. नवी चकती मागवलीय म्हणतात.
काल सगळे गेल्यावर पडदा ओढला,
विटा नीट लावल्या, आणि नळी सहज स्वतःच्या छातीशी धरली,
एक मिनिट, घड्याळ लावून.
सव्वीस.
चोवीसच्या जागी सव्वीस. पाचाच्या आतला फरक,
तो धरत नाहीत.
तरी वहीत लिहिला. तारीख घातली.